कस्टम्स ब्रोकरचं स्वतःचं लायसन काढायचंय, दर वर्षी परमिट रिन्यू करावं लागतं का? सल्ला हवा

जीकार्ड_शेवा

नमस्कार मंडळी. आयात-निर्यातीवर इथे बरेच धागे आहेत पण ब्रोकर लायसनवर एकही सापडला नाही म्हणून हा काढतोय, आधी झाला असेल तर लिंक द्या.

मी न्हावा शेव्याला एका ब्रोकर फर्ममध्ये, म्हणजे दुसऱ्यांचा आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या फर्ममध्ये, जी कार्डवर (ब्रोकरच्या मंजूर कर्मचाऱ्याचं कार्ड) आहे. बीकॉम झालंय, जी कार्ड मिळून दोन वर्षं होऊन गेली. चेकलिस्ट (फायलिंगआधीचा मसुदा) बनवणं, बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातीचं डिक्लरेशन फाइल करणं, फेसलेसमधून, म्हणजे ऑनलाइन तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडून क्वेरी आली की इम्पोर्टरच्या मागे लागून कागद काढणं, सीएफएसला (कंटेनर ठेवतात ते यार्ड) एक्झामिनेशनला उभं राहणं, आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची शेवटची परवानगी होईपर्यंतचं सगळं काम हाताखालून गेलंय. आता स्वतःचं लायसन काढायचं मनात आहे, घरच्यांचा पाठिंबा आहे आणि दोन-तीन पार्ट्या, म्हणजे क्लायंट, सोबत यायलाही तयार आहेत.

पण जो भेटतो तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो लायसन मिळालं तरी दर वर्षी परमिट काढावं लागतं आणि तेही प्रत्येक पोर्टचं वेगळं, दुसरा म्हणतो दहा वर्षांनी रिन्यूअल, तिसरा म्हणतो आता काहीच नाही. खरं काय? परीक्षा कितपत अवघड आहे, नोकरी सांभाळून होते का, क्लास लावावा का? आणि एका ओळखीच्या माणसाने वेगळीच ऑफर दिलीये, म्हणे परीक्षेच्या भानगडीत पडू नकोस, माझ्या लायसनवर काम कर, महिन्याला ठरलेली रक्कम दे, सह्या मी करतो. हे बरेच जण करतात असं ऐकलंय म्हणून विचारतोय, चालतं का असं?

एफकार्ड_जुना

आधी परमिटचं सांगतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. आपल्याकडे वार्षिक परमिट हा प्रकारच नाही. कस्टम्स ॲक्ट १९६२ चं कलम १४६ आणि त्याखालची कस्टम्स ब्रोकर्स लायसनिंग रेग्युलेशन्स २०१८, म्हणजे आपलं सीबीएलआर, एवढ्यावर हा धंदा चालतो. ही १४ मे २०१८ ला आली, त्याआधी २०१३ ची होती आणि त्याच्याही आधी आपण सगळे सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट होतो, पार्ट्या अजूनही फोनवर सीएचएच म्हणतात. २०१८ च्या मूळ नियमात लायसन दहा वर्षांचं आणि मग पुढच्या दहा वर्षांसाठी रिन्यूअल असं होतं, तुमचा दुसरा माणूस तेच धरून बसलाय. २३ जुलै २०२१ ला दुरुस्ती झाली आणि लायसन आजीवन झालं. त्यामुळे तिसरा माणूस बरोबर सांगतोय, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं असं की त्याच दुरुस्तीत एक अट घातली गेली. ब्रोकरने सलग एक वर्षापेक्षा जास्त काळ काहीच काम केलं नाही तर त्याचं लायसन इनव्हॅलिड करता येतं, मग परत चालू करून घ्यायला अर्ज करा, कारण द्या, आणि कमिशनरेटचं समाधान झालं तरच पुढे. म्हणजे लायसन घेऊन ठेवू, पुढेमागे कामाला येईल, हा विचार आता उपयोगाचा नाही. तुमच्याकडे पार्ट्या तयार आहेत म्हणताय तर तुम्हाला त्याची काळजी नको, पण पार्ट्यांचा शब्द कच्चा असेल तर लायसन हातात यायच्या वेळी त्यांच्याशी नीट बोलून ठेवा.

पोर्टचं म्हणाल तर प्रत्येक पोर्टला वेगळं लायसन लागत नाही. एका कमिशनरेटमधून लायसन मिळालं की दुसऱ्या कस्टम्स स्टेशनला काम करायला फॉर्म सी मध्ये कळवायचं. शेव्याचं लायसन असलेला माणूस सहारला एअर कार्गोचं किंवा मुंद्र्याचं काम करू शकतो. मात्र कारवाई करायची वेळ आली तर ती लायसन देणारं मूळ कमिशनरेट करतं, म्हणून कुठून काढताय याचा विचार करा. रोज जिथे जाता, जिथले लोक तुम्हाला ओळखतात, तिथूनच काढलेलं बरं.

न्यूजर्सीकर

वार्षिक परमिट हे बहुतेक अमेरिकेतलं कानावर पडलं असावं. मी इथे फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे मालवाहतुकीची व्यवस्था करून देण्याच्या धंद्यात आहे. इकडे लायसन वेगळं आणि परमिट वेगळं. लायसन माणसाला किंवा कंपनीला मिळतं, पण ब्रोकर म्हणून प्रत्यक्ष धंदा करायचा तर परमिट लागतं आणि त्याची युजर फी दर वर्षी भरावी लागते. पूर्वी डिस्ट्रिक्टनुसार परमिट असायची, १९ डिसेंबर २०२२ पासून ती बंद होऊन एकच नॅशनल परमिट झालं. शिवाय दर तीन वर्षांनी फेब्रुवारीत स्टेटस रिपोर्ट, आणि तीन वर्षांच्या सायकलमध्ये ३६ क्रेडिटचं कंटिन्यूइंग एज्युकेशन. परीक्षा ८० प्रश्नांची, साडेचार तासांची, ७५ टक्क्यांना पास. पुस्तकं उघडून लिहिता येते तरी बहुतेक जण नापास होतात. गूगलवर इंग्रजीत शोधलं की आधी हेच सगळं वर येतं, त्यामुळे भारतातल्या माणसाचा गोंधळ होणारच.

चॅप्टर_पंच्याऐंशी

परीक्षेबद्दल मी सांगते. नोकरी करूनच दिली होती, होते. परीक्षा नॅसिन घेतं, म्हणजे नॅशनल ॲकॅडमी ऑफ कस्टम्स, इनडायरेक्ट टॅक्सेस अँड नार्कोटिक्स. लेखी कॉम्प्युटरवर, १५० प्रश्न, अडीच तास. बरोबर उत्तराला ३ मार्क, चुकलं की १ वजा. एकूण ४५०, पास व्हायला २७०. नंतर तोंडी, १०० पैकी ६० लागतात.

आता हे गणित नीट बघा कारण तयारी त्यावर ठरते. एकही न चुकता ९० बरोबर आले तर पास. दीडशेच्या दीडशे सोडवले तर १०५ बरोबर लागतात. म्हणजे जिथे चारपैकी दोन पर्याय खात्रीने उडवता येतात तिथे ठोकायला हरकत नाही, पण काहीच माहीत नसेल तर सोडून पुढे जा. अडीच तासांत दीडशे म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, त्यात आकडेमोडीचे प्रश्नही असतात, तेव्हा घड्याळ लावून सराव केल्याशिवाय जाऊ नका.

जी कार्डवाल्यांना फायदा आहे तसा एक धोकाही आहे. फायदा असा की बिल ऑफ एंट्रीचे प्रकार, होम कन्झम्प्शन, वेअरहाउसिंग, एक्स बॉन्ड, ड्रॉबॅक (निर्यातीवर परत मिळणारी ड्युटी), हे रोज हाताळलेलं असतं. धोका असा की आपण सगळं सवयीने करतो आणि पेपरात कलम विचारतात. तुम्ही रोज एमेंडमेंट, म्हणजे फाइल केलेल्या कागदात दुरुस्ती टाकता पण ते कोणत्या कलमाखाली? १४९. रिफंडची मुदत? कलम २७, एक वर्ष. कमी भरलेल्या ड्युटीची डिमांड नोटीस? कलम २८, साधारण दोन वर्षं आणि फसवणूक असेल तर पाच. कमिशनर अपील्सकडे ६० दिवस, ट्रायब्युनलला तीन महिने. बॉन्डमधल्या, म्हणजे ड्युटी न भरता गोदामात ठेवलेल्या मालावर ९० दिवसांनंतर व्याज. ह्या मुदतींचा एक कागद करून डेस्कच्या समोर चिकटवा, येताजाता डोळ्यांखालून जातो.

व्हॅल्युएशन शंभर टक्के येतं. एक नमुना देते. माल विमानाने आला, एफओबी (फ्रेट-इन्शुरन्स सोडून मालाची किंमत) १००० डॉलर, एअर फ्रेट ३०० डॉलर, इन्शुरन्सचा आकडा नाही. बरेच जण १३०० मध्ये इन्शुरन्स मिळवून मोकळे होतात. पण २००७ च्या व्हॅल्युएशन रूल्सप्रमाणे विमानाचं फ्रेट एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, म्हणजे २०० च. इन्शुरन्स कळत नसेल तर एफओबीच्या १.१२५ टक्के, म्हणजे ११.२५. असेसेबल व्हॅल्यू, म्हणजे जिच्यावर ड्युटी लागते ती किंमत, १२११.२५ डॉलर, मग सीबीआयसीने (कस्टम्सचं केंद्रीय बोर्ड) प्रसिद्ध केलेल्या रेटने रुपये. ऑफिसमध्ये कपाटात पडलेली जुनी गाइडं वापरत असाल तर जपून, त्यात वर १ टक्का लँडिंग चार्जेस लावलेले दिसतील, ते २०१७ मध्ये गेले. परीक्षेत चार पर्यायांत एक उत्तर त्या जुन्या हिशोबाचं हमखास ठेवलेलं असतं.

ॲलाइड ॲक्ट्स लोक शेवटच्या आठवड्यावर टाकतात आणि तिथेच मार्क जातात. ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स १९४०, आर्म्स ॲक्ट १९५९, एनडीपीएस १९८५ (अमली पदार्थ), फेमा (परकीय चलन), ट्रेडमार्क, कॉपीराइट, सगळं थोडं थोडं वाचावं लागतं. अख्खे कायदे पाठ करायचे नाहीत, त्यांचा आयात-निर्यातीशी जिथे संबंध येतो तेवढं.

क्लास लावायचा का हे तुमच्या स्वभावावर आहे. मी लावला नव्हता, आम्ही तिघी-चौघं मिळून शनिवारी बसायचो आणि एकमेकांना प्रश्न विचारायचो, तोंडीला त्याचा जास्त उपयोग झाला कारण तिथे आठवणं पुरत नाही, बोलता यावं लागतं.

सहार_रात्रपाळी

वरच्या ताईंना अनुमोदन. तोंडीला एक भर घालतो, सीबीएलआरचं रेग्युलेशन १० तोंडपाठ करून जा. ब्रोकरची कर्तव्यं त्यात आहेत, आणि मला तर वाटतं लायसन मागणाऱ्याला सगळ्यात आधी हेच विचारायला हवं.

वकिली_वही

भाड्याच्या लायसनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. करू नका. शंभर जण करत असले तरी करू नका.

सीबीएलआरमध्ये पहिल्याच रेग्युलेशनमध्ये लिहिलंय की लायसन हे फक्त लायसनधारकाच्या नावे आहे, ते विकता येत नाही की कुठल्याही प्रकारे दुसऱ्याला देता येत नाही. शिवाय ब्रोकरने काम स्वतः करायचं किंवा मंजूर झालेल्या कर्मचाऱ्याकडून करून घ्यायचं असं बंधन आहे. तुम्ही त्याचे पगारी नोकर नाही, उलट तुम्हीच त्याला महिन्याचे पैसे देताय, हे बँक स्टेटमेंटवर एका नजरेत दिसतं. चौकशी सुरू झाली की पहिलं तेच मागतात.

पुढे काय होतं तेही सांगतो. तातडीचं वाटलं तर आधी सस्पेन्शन, त्यानंतर पंधरा दिवसांत सुनावणी. रेग्युलर कारवाईत ऑफेन्स रिपोर्ट मिळाल्यापासून ९० दिवसांत नोटीस, तुम्हाला उत्तराला ३० दिवस, मग इन्क्वायरी ऑफिसरचा रिपोर्ट, मग ऑर्डर. लायसन रद्द, सिक्युरिटी जप्त, ५०,००० पर्यंत दंड, ह्यातलं एक किंवा जास्त. विरोधात सेस्टॅटला, म्हणजे कस्टम्सच्या अपील ट्रायब्युनलला जाता येतं. हे झालं लायसनवाल्याचं. तुमचं काय? कन्साइनमेंटमध्ये मिसडिक्लरेशन निघालं तर कस्टम्स ॲक्टच्या ११२ किंवा ११४एए खाली वैयक्तिक पेनल्टी तुमच्यावर लागू शकते, आणि ११४एए मध्ये ती मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाते. आणि तुम्हाला तर पुढे स्वतःचं लायसन काढायचंय. कस्टम्स ॲक्टखाली दंड झालेला माणूस अर्जाच्या अटीतच बसत नाही. दोन-चार वर्षांच्या सोयीसाठी कायमचा रस्ता बंद होईल. तुमच्याकडे पदवी आहे, जी कार्डचा अनुभव आहे, पार्ट्या आहेत, मग त्या माणसाची गरज आहेच कशाला?

आयातवाली

धाग्यात घुसतेय, माफ करा. माझा छोटा युनिट आहे, कच्चा माल बाहेरून येतो. मला स्वतःचा माल स्वतः सोडवायचा असेल तर लायसन लागतं का? दर वेळी एजन्सी चार्जेस देऊन जीव जातो.

एफकार्ड_जुना

@आयातवाली ताई, स्वतःच्या मालाला लायसन लागत नाही. लायसन दुसऱ्याच्या वतीने धंदा म्हणून काम करायला लागतं. आइसगेट ह्या कस्टम्सच्या पोर्टलवर स्वतःच्या आयईसीवर (आयात-निर्यात कोड) रजिस्टर करून, डिजिटल सिग्नेचर घेऊन बिल ऑफ एंट्री फाइल करता येतं. पण वर्षाला मोजके कंटेनर असतील तर मी सुचवणार नाही. माल पोचायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री पडलं नाही तर पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि नंतर रोजचे १०,००० लेट चार्जेस आहेत. एक क्वेरी नीट कळली नाही तर वाचवलेले एजन्सी चार्जेस डेमरेजमध्ये (माल पडून राहिल्याचं भाडं) जातात. त्यापेक्षा ब्रोकरकडून बिल ऑफ एंट्रीची चेकलिस्ट मागून घ्या आणि सबमिट करण्याआधी स्वतः वाचा, मालाचं वर्णन, एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा कोड), नोटिफिकेशन नंबर. एवढं केलंत तरी निम्मा त्रास कमी होईल.

जीकार्ड_शेवा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं. भाड्याचा विषय संपला, आजच त्याला नाही म्हणून कळवलं. अजून दोन शंका. अर्जाला पैशाची तयारी किती ठेवू? आणि केवायसीचं काय, आमच्या फर्ममध्ये पार्टीकडून आयईसी आणि जीएसटीची कॉपी, पॅन, आधार घेतात आणि फाइलला लावतात, एवढं पुरतं ना?

एफकार्ड_जुना

पैशाचं दोन ठिकाणी येतं, लोक ते एकच समजतात. एक म्हणजे पात्रतेसाठी शेड्यूल्ड बँकेचं सर्टिफिकेट किंवा तसा पुरावा की तुमच्याकडे किमान ५ लाखांची मालमत्ता आहे. दुसरं म्हणजे पास झाल्यावर लायसनच्या वेळी बॉन्ड आणि ५ लाखांची सिक्युरिटी, ती बँक गॅरंटी किंवा एफडीच्या रूपात देता येते. ही रक्कम अडकूनच राहते. त्यामुळे कर्ज काढून सिक्युरिटी आणि उरलेल्यात ऑफिस असं करू नका. ब्रोकरचा खरा पैसा पार्टीच्या वतीने आधी भरलेल्या सीएफएस आणि शिपिंग लाइनच्या बिलांत अडकतो, पहिल्या वर्षी तो ताण सगळ्यात मोठा असतो. पार्टीला पहिल्या दिवसापासून सांगा, ड्युटी तुम्ही थेट भरा आणि बाकीच्यासाठी ॲडव्हान्स द्या.

वर्षाच्या वर्षाला लक्ष ठेवायच्या गोष्टी ह्याच, बँक गॅरंटीची मुदत, डिजिटल सिग्नेचरची मुदत, तुमची जीएसटीची रिटर्न्स, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं कार्ड परत करणं. ह्या शेवटच्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. तुमच्या नावाचं जी किंवा एच कार्ड गळ्यात घालून तो माणूस दुसऱ्याचं काम करत असेल तर विचारणा तुम्हालाच होते.

वकिली_वही

केवायसीला कॉपी पुरत नाही. नियमाची भाषा आहे की आयईसी, जीएसटीआयएन, क्लायंटची ओळख आणि दिलेल्या पत्त्यावर त्याचं काम चालतं की नाही, हे भरवशाच्या आणि स्वतंत्र कागदपत्रांवरून किंवा माहितीवरून पडताळायचं. म्हणजे पार्टीनेच दिलेल्या कॉपीवर पार्टीचीच खात्री करून चालत नाही. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून बघा, स्टेटस ॲक्टिव्ह आहे का, रजिस्ट्रेशन कधीचं आहे, रिटर्न्स भरलेत का, आणि त्या दिवसाचा तारखेसकट प्रिंट फाइलला लावा. आयईसी डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) साइटवर बघा. महिन्याभरापूर्वी नंबर घेतलेली फर्म पहिल्याच शिपमेंटला मोठ्या ड्रॉबॅकचं एक्स्पोर्ट करतेय असं दिसलं तर उठून पत्त्यावर जा. बोर्ड, विजेचं बिल, गोडाऊन, काम करणारी माणसं बघा, आणि एक पानाचा व्हिजिट रिपोर्ट लिहून ठेवा.

दिल्ली हायकोर्टाने २०१७ च्या एका निकालात म्हटलंय की कस्टम्स एजंट हा व्यवहार खरा की खोटा हे तपासणारा इन्स्पेक्टर नव्हे. ब्रोकरच्या बाजूने हा निकाल नेहमी वापरला जातो आणि तो उपयोगीही आहे. पण तो उपयोगी पडतो तो ज्याने आपल्या वाटणीचं तपासलेलं असतं त्यालाच. आणि हे सगळं रेकॉर्ड किमान पाच वर्षं सांभाळायचं, चौकशी बहुतेक वेळा पार्टी गायब झाल्यावरच येते. प्रत्येक पार्टीचं लेखी ऑथरायझेशनही घ्या, व्हॉट्सॲपवरचा "ओके, करा" म्हणजे ऑथरायझेशन नव्हे.

सहार_रात्रपाळी

आणि पार्टी फॉरवर्डरमार्फत आली असेल तर फॉरवर्डरशी कितीही चांगले संबंध असू देत, खऱ्या इम्पोर्टरशी एकदा तरी स्वतः बोला. मी पाहिलेल्या वाईट केसेसमध्ये ब्रोकरने इम्पोर्टरचा आवाजही ऐकलेला नव्हता.

जीकार्ड_शेवा

हे फॉरवर्डरचं माझ्या तिन्हीपैकी एका पार्टीला लागू आहे, ह्या आठवड्यात इम्पोर्टरला भेटूनच येतो. शेवटचं विचारतो, अनुभवाचं पत्र आत्ताच्या मालकाकडून घ्यावं लागेल ना? त्यांना सांगायचं कसं तेच कळत नाहीये, माणूस चांगला आहे.

चॅप्टर_पंच्याऐंशी

लायसनसाठी अर्ज मागवायची जाहिरात येण्याआधी सांगा, नंतर नको. दोन वर्षांचा अनुभव जी कार्डधारक म्हणून असायला हवा, तेव्हा पत्रावर कार्ड नंबर आणि कधीपासून कधीपर्यंत ते स्पष्ट लिहून घ्या, आणि जी कार्डची व परीक्षेच्या निकालाची कॉपी जोडा. मालकांना सरळ सांगा की परीक्षा देतोय आणि त्यांच्या पार्ट्या फोडणार नाही, आणि तो शब्द पाळा. तुम्ही म्हणता त्या दोन-तीन पार्ट्या त्यांच्या असतील तर त्यावर आधी विचार करा. माझ्या जुन्या साहेबांनी मला पत्र तर दिलंच, वर तोंडीच्या आधी दोन संध्याकाळी बसवून प्रश्न विचारले होते.

जीकार्ड_शेवा

पार्ट्या माझ्याच ओळखीच्या आहेत, फर्मच्या नाहीत. सोमवारी बोलतो त्यांच्याशी. जाहिरात आली की इथेच टाकेन, अजून कोणी देणार असेल तर सांगा, शनिवारी मिळून बसता येईल.